तार कापलेला फोन

हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून आजी दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात इंग्रजी शिकायला जायच्या. तिथली खिडकी पार छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. वाफेतून आलेल्या आजींना ते पाय हवेत तरंगल्यासारखे वाटायचे.

शिकवायला मिशनच्या बाई होत्या. साठीच्या, एकट्या, मिशन पाठवेल त्या देशात बिऱ्हाड मांडणाऱ्या. तासाच्या शेवटी त्या प्रार्थना म्हणायच्या. आजी आपल्या देवाची परवानगी काढून डोळे मिटायच्या, आणि दोन मिनिटं झोपही काढून घ्यायच्या.

आजींना इंग्रजी हवं होतं ते नातीसाठी. सात वर्षांची नात दुसऱ्या शहरात राहायची, तिला आजीची भाषा येत नव्हती. फोनवर मुलगा मध्ये दुभाष्या. आजींनी जीव ओतून दहा वाक्यं बोलावीत आणि पठ्ठ्यानं ती दोन शब्दांत उरकावीत! यंदा नातीच्या वाढदिवसाला मध्ये कुणी नको, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

बाईंची शिकवण्याची एक रीत होती. तार कापलेले दोन जुने फोन आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्या. चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, बोलावंच लागतं. बाई कुणासाठी डॉक्टर व्हायच्या, कुणासाठी दुकानदार. आजींची पाळी आली की नात व्हायच्या. त्यासाठी ‘आजी’ हा एवढा एकच शब्द त्या आजींच्या भाषेतला शिकल्या होत्या.

“कशी आहेस?” आजी जुळवून जुळवून विचारायच्या.

पाय दुखतात, असं उत्तर यायचं. आजी गरम पाणी सुचवायच्या. कधी उत्तर यायचं, एकटीला जेवायचा कंटाळा येतो. मग आजी मोडक्यातोडक्या इंग्रजीत चांगल्या रागवायच्या. असं वर्षभर चाललं. वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी मागून आवाज आला, दुसरीकडे बदली झाली, पुढच्या आठवड्यात जावं लागेल. सगळं कळलं म्हणून आजी खूश झाल्या आणि स्वेटर घ्यायला सांगून मोकळ्या झाल्या.

रविवारी वाढदिवस. मुलानं फोन नातीच्या हातात दिला. आजींनी आशीर्वाद दिला आणि सवयीनं पुढचंही विचारलं, “पाय कसे आहेत? एकटी जेवू नकोस हं.”

“माझे पाय नाही दुखत,” नात म्हणाली. “कुणाचे दुखतात, आजी?”

कुणाचे ते आजींना तेव्हा कळलं. मग नातीच्या हलणाऱ्या दातावर पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. मुलाला कुणी विचारलंही नाही. पण फोन ठेवल्यावर आजींना स्वतःचा भारी राग आला. वर्षभर एक बाई आपलं सुखदुःख सांगत होती आणि आपण धडा गिरवत होतो.

गुरुवारी तळघरात खोकी बांधून ठेवली होती. फोन तेवढे टेबलावर होते. आजी आपल्या खुर्चीत बसल्या, रिसीव्हर उचलला. मागची खुर्ची करकरली. शिकलेलं सगळं इंग्रजी कुठल्या कुठे पळालं, आणि आजी आपल्याच भाषेत बोलल्या, “पोचलीस की कळव गं. आणि वेळेवर जेवत जा.”

बाईंना त्यातलं एक अक्षर कळण्यासारखं नव्हतं. वरून पाय जात राहिले. मागच्या खुर्चीची पाठ आजींच्या पाठीला हलताना जाणवत होती.

“आजी,” बाई म्हणाल्या.