मालिका मान्य

माझ्या नवऱ्याला विज्ञानकथांच्या मालिका आवडत नाहीत, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. डोक्याला शिंगं चिकटवलेली माणसं पत्र्याच्या डब्यात बसून एकमेकांना भाषणं देतात, असं त्याचं मत. म्हटलं, हळूहळू वळण लावू. सहा वर्षं लावलं. पालथ्या घड्यावर पाणी!

माझी लाडकी मालिका ‘ध्रुवयान’. बावन्न भाग. मी चारदा पाहिलीय आणि पाचव्यांदाही बघेन, कोणाची ना आहे? यंदा मात्र मी हट्टालाच पेटले की त्यानेही ती पाहायचीच. त्याला कारण होतं.

मी हवामानाची उपकरणं दुरुस्त करते. वारा मोजणाऱ्या वाट्या, पाऊस मोजायची भांडी, गंजलेली, गंडलेली, पक्ष्यांनी घाण केलेली सगळी माझ्या टेबलावर येतात. दोन महिन्यांपूर्वी कार्यशाळेच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. समुद्रातल्या एका लांबच्या बेटावर केंद्र आहे, तिथे दुरुस्तीसाठी माणूस हवा. अठरा महिने. घरच्यांना नेता येत नाही, बोट तीन महिन्यांतून एकदा. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की पगार विचारायचाही राहिला.

पण घरी सांगायचं कसं? नवरा वाईट नाही हो. फक्त कुठलीही मोठी गोष्ट काढली की तो “बघू” म्हणतो आणि पंख्याकडे बघतो. आणि ‘ध्रुवयान’चा त्रेचाळिसावा भाग अगदी याच गोष्टीचा आहे. यानातली यंत्रं दुरुस्त करणारी बाई नवऱ्याला मागे ठेवून एका ओसाड तळावर उतरते. का उतरते, ते ती त्याला सांगते, आणि मला जे सांगायचं होतं ते सगळं त्यात आहे. माझ्यापेक्षा कितीतरी नीट. ठरवलं, याला तो भाग दाखवायचा आणि मग विचारायचं.

पहिले नऊ भाग आम्ही एकत्र पाहिले. पाहिले म्हणजे मी पाहिले, तो नाकाने कांदे सोलत बसला. “अंतराळात हवा नाही ना? मग स्फोटाचा आवाज कसा आला?” “यांच्या कपड्यांना इस्त्री कोण करतं?” मी दात-ओठ खात पुढचा भाग लावायचे. मग माझी कामाची पाळी बदलली, संध्याकाळी मी घरी नसायचे, तेव्हा तो आपणहून म्हणाला, “अगं, राहिलेले मी बघून टाकतो. तू नको टेन्शन घेऊ.” मला आभाळ ठेंगणं झालं. कार्यशाळेत सगळ्यांना सांगत सुटले, माझा नवरा सुधारला म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी विचारलं, “त्रेचाळिसावा पाहिलास?”

“हो.”

“मग? तिनं केलं ते बरोबर की चूक?”

तो पेला पुसत होता. म्हणाला, “बरोबरच केलं. दुसरं काय करणार होती?”

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. त्याच दिवशी मॅडमना हो सांगून सही केली.

काल दुपारी बोटीच्या तारखेचं पत्र आलं. मी ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं, उलटून पाहिलं, परत वाचलं.

“हे काय आहे? कुठलं बेट?”

“अरे, तूच म्हणालास ना, तिनं बरोबर केलं म्हणून!”

“कोणी?”

“दुरुस्तीवालीनं! तळावर उतरली ती!”

“ती वेणीवाली? ती कुठे उतरली? अठ्ठेचाळिसाव्यात दिसली नाही खरी. मला वाटलं, रजेवर असेल.”

रजेवर! माझ्या हातापायांतलं रक्त डोक्यात चढलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने खिशातली वही काढली. माझा नवरा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. पेटीतल्या सगळ्या बाटल्या कोणी तपासत नाही. ठरावीक अंतराने एकेक उचलायची, उजेडात धरायची, त्या ठीक निघाल्या की पेटी पास. वहीत त्याच्या सुबक अक्षरात ओळी होत्या: भाग सोळा, दोष नाही. चोवीस, दोष नाही. बत्तीस, आवाज जास्त. चाळीस, अठ्ठेचाळीस. खाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘मालिका मान्य’. आणि सही. सहीसुद्धा केली होती मेल्यानं!

“शितावरून भाताची परीक्षा करतात ना?” तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडलेय ते. “मला आवडली म्हणून लिहिलंय की.”

“पाच भाग! राहिलेल्यातले फक्त पाच! आणि मला तोंडावर सांगतोस, पाहिला?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

मी वही भिंतीवर फेकली. मग जे तोंडाला येईल ते बोलले. सहा वर्षांत माझं बोलणंही असंच ऐकलंस का, आठातलं एक वाक्य? आईच्या आजारपणात मी काय सांगत होते, सांग. मागच्या वर्षी नोकरी सोडावीशी वाटत होती, का, सांग. त्याने खाली पडलेली वही उचलली. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. लावू देत. माझा घसा बसला तरी राग बसेना.

शेवटी तोही भडकला. आमच्याकडे ही गोष्ट वर्षातून एकदा होते.

“आणि तू? अठरा महिने जायचं, आणि मला विचारलंस कशाबद्दल? एका वेणीवालीबद्दल! सरळ विचारायला तोंड नव्हतं तुला?”

मी टीव्ही लावला. त्रेचाळिसावा भाग. “बस,” म्हटलं. “आता बस आणि बघ.”

भर दुपारी, पडदे न लावता, आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसलो. तो एक शब्द बोलला नाही. इस्त्रीबद्दल नाही, हवेबद्दल नाही. बाई खाली उतरली, दार मिटलं, नवरा त्या दारापाशी उभा राहिला. भाग संपला तेव्हा याचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

“तो नवरा पुढे येतो का?” त्याने विचारलं.

“नाही. त्याचं काम इथेच संपतं.”

त्याने मान वर करून पाहिलं. पंख्याकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाला, “नको जाऊ.”

माझा असा संताप झाला की काय सांगू! सहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा सरळ काहीतरी बोलला होता, आणि तेही सही झाल्यावर.

“हे तीन आठवड्यांपूर्वी म्हणायला काय झालं होतं?” मी ओरडले.

“म्हणालो असतो, तर थांबली असतीस?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं. अगदी ठणकावून म्हणणार होते, म्हणजे सगळा दोष कायमचा त्याच्या पदरात. तो वाट बघत होता.

“नाही,” मी म्हणाले. “म्हणून तर तुला विचारलं नाही.”