विचारतील तेवढंच

तुळजाबाईंनी खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवली, लेकीला तीत बसवलं आणि समोर पलंगावर स्वतः मांडी घातली.

“ओढणी नीट घे. हां. आता मी डॉक्टरीनबाई. विचारतील तेवढंच बोलायचं.”

“आई, तिथं मला पोहे नाही द्यायचेत.”

“दात काढू नगंस. ल्हिऊन घेत्यात त्या. उद्या सोयरीक बघाया निघालो, की हेच पुढं यायचं.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सदाशिव पेठेत, मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे शेफालीची पहिली वेळ होती. दोन महिने ती ऑफिसला गेली नव्हती. उन्हं खिडकीतून यायची, तिच्या पायाशी बसायची, कंटाळून निघून जायची; ती आपली भिंतीकडे तोंड करून. दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, “प्रश्न पाठवलेत, वाचून या. विचार इथे येऊन करत बसू नका.”

मोबाईलवरची बारीक अक्षरं तुळजाबाईंना लागेनात. म्हणून प्रश्न शेफालीच वाचत होती, उत्तरही तीच देत होती. आई फक्त उत्तर दुरुस्त करत होती.

“झोप लागते का? नाही.”

“असं नगं. ‘कधीमधी उशिरा लागते.’”

“जेवण? दोन घास.”

“‘बेताचं जेवते’ म्हन. चांगल्या घरच्या पोरी बेताचंच जेवत्यात.”

शेफालीला हसू आलं, ते ओठांपर्यंत पोचलं नाही. पुढचा प्रश्न तिनं आधी मनात वाचला. मग एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं.

“‘आपण जगात नसावं, असं कधी वाटलं का?’”

“न्हाई म्हन.”

“वाटलं असलं तरी?”

“तरीबी.”

“कसं म्हणू? तू म्हणून दाखव.”

तुळजाबाईंनी तोंड उघडलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत राहिली.

“आई?”

“आपली हीर बुजवली ना,” त्या म्हणाल्या, “त्या दिशी सुटले मी.”

शेफालीला तो दिवस आठवला. जमीन बिल्डरला दिली त्या वर्षी विहिरीत मुरमाचे डंपर रिकामे झाले होते. तिचे वडील काठावर बसून लहान पोरासारखे रडले होते. आईनं त्या दिवशी शिरा केला होता. नव्या फ्लॅटच्या आनंदात, असंच सगळ्यांना वाटलं. शेफालीनं तो दोनदा मागून खाल्ला होता.

“किती वेळा?” हे आपणच विचारलं, हे तिला ऐकू आल्यावर कळलं.

“मोजतंय कोन. पानी वढाया जायचे. वाकलं, की खाली मी दिसायचे. निवांत दिसायचे.” त्यांनी चादरीवरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. “तू झोळीत रडलीस, की माघारी यायचे.”

शेफाली उठून पलंगावर आली आणि आईसमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. दोघींपैकी कुणीच तो मागे घेतला नाही.

तुळजाबाईंनी विचारलं, “किती येळ देत्यात गं त्या बाई?”

“पाऊण तास.”

“तुला पुरंल?”

“पुरेल.”

“मग खरं काय हाय ते सांग. समदं.” त्यांनी मान खिडकीकडे वळवली. “आन् थोडा येळ उरला, तर मला...”

“उरवते,” शेफाली म्हणाली.