कोटातला कोंबडा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. परवा झुल्फोला सांगितलं तेव्हाही हेच म्हणालो होतो. झुल्फो आमच्या गावचा पाणचक्कीवाला. लोकांच्या पिठात आपण काय काय मिसळतो ते त्याला ठाऊक असल्यामुळे सगळ्या जगात त्याला भेसळच दिसते. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात शेगडीजवळ आम्ही दोघं कॉफी घेत बसलेलो. टेबलावर शेफिका, म्हणजे माझी बायको, बुरेकसाठी, म्हणजे मांस भरून भाजायच्या वळकट्यांसाठी, कणीक ताणत होती. पोळी ताणून ताणून टेबलाच्या चारी बाजूंनी खाली लोंबायला लागली होती. हे काम करताना शेफिका बोलत नाही. गोष्ट सांगायला मला अशीच वेळ बरी वाटते.

ऊना नदीत हिवाळ्यात खोट्या माशीला हमखास भुलणारा मासा एकच, लिपान. पाठीवर शिडासारखा पंख, आणि पाण्यातून काढला की अंगाला रानओव्याचा वास. त्याच्यासाठी गळावर पिसाची माशी बांधायची ती एवढीशी, की अंगठ्याच्या नखावर तीन मावाव्यात. पीस हवं ओल्या पाटीच्या रंगाचं, आणि तसलं पीस आमच्या अख्ख्या कुलेन वाकुफ गावात एकाच मानेवर उगवतं, आमच्या पाशाच्या. पाशा म्हणजे आमचा कोंबडा. डिसेंबर संपत आला तेव्हा त्याची मान इतकी उघडी पडली होती, की मी माझ्या मोज्याचं टोक कापून त्याला गळपट्टा घातला. त्या अपमानाने तो भडकला आणि त्याने राग काढला तो शेफिकाच्या पोटरीवर. रक्त आलं.

“हे बघ म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “सबंध हिवाळा नदीवरून नुसती सर्दी घेऊन आलास. रविवारी तुझा हंगाम संपतो. रविवारी टेबलावर लिपान, नाहीतर पातेल्यात पाशा.”

सुरीला धार लावून तिने ती दारामागे टांगूनसुद्धा ठेवली.

पाशा गेला की माझे पुढचे सगळे हिवाळे गेले. आणि नुसत्या पिसांचंच नव्हतं ते. सकाळी मला बघून आनंदाने ओरडणारं त्या घरात दुसरं होतं तरी कोण?

रविवारी उणे चौदा. ऊना गोठत नाही, तिच्यावर वाफ धरते. पण गळाच्या काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्या गोठतात. दोनदा दोरी फेकली की कडीत बर्फ. मग कडी तोंडात धरून वितळवायची, आणि ओठ चिकटला तर ओठाची कातडी तिथेच ठेवून यायची. गाठ मारताना वाटतं, आपण दुसऱ्याच कुणाचे तरी हात उसने आणलेत. लोक विचारतात, यात मजा काय? मजा तासाभराचीच असते. बाराच्या सुमाराला ऊन डोंगरावरून डोहात उतरतं, धुळीएवढे किडे पाण्यावर उठतात, आणि काळ्या पाण्यावर एक वलय उमटतं. एकच. ते दिसलं की सकाळपासून हरवलेले पाय परत आपले होतात.

“पाय सापडले, छान झालं,” झुल्फो म्हणाला. “मासा कुठंय?”

“कॉफी पी. वलय दिसलं आणि मी दोरी फेकली. डोक्यावरून मागे गेली ती ठीक, पुढे येताना वेटोळं हवेतच गोठलं. तिथेच राहिलं. एक पाणपक्षी येऊन त्याच्यावर बसला.”

“बसला?”

“झोकाही घेतला. तो उडाला तेव्हा वेटोळं कडकन मोडलं आणि त्याबरोबर माझी शेवटची माशी वाहून गेली.”

झुल्फोने कप खाली ठेवला. “मग संपलं म्हणायचं. पाशा पातेल्यात.”

“तुझ्यासारख्याचं संपलं असतं. मी पाशाला बरोबर नेला होता.”

“नदीवर? कोंबडा?”

“कोटाच्या आत. अरे, बारा मैलांत तसली शेगडी मिळायची नाही. पंखाखाली हात घातला की दोन मिनिटांत बोटं परत आपली. बटण काढलं, मोजा खाली सारला, बघतो तर मानेवर एकच पीस उरलेलं. मी म्हटलं, पाशा, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. त्याने स्वतः मान पुढे केली.”

माशी तिथेच, बर्फावर बसून बांधली. पहिल्या फेकीला लिपानने घेतली. आधी वाटलं, गळ खडकात अडकला. मग खडक चालायला लागला. त्याने पाठीवरचा पंख उभारला, नेमका वारा सुटला आणि शीड भरून तो मला उलट्या प्रवाहाने धबधब्यापर्यंत घेऊन गेला. पाणी कमरेला, बर्फ मिशीला, काठीचं धनुष्य झालेलं. असा आनंद राजाला मिळत नाही! दोरी तुटणार एवढ्यात कोटातून पाशा आरवला. माशाला वाटलं उजाडलं. तो वर आला, आणि मी जाळी खाली सरकवली.

“किती मोठा?” झुल्फोचा आवाज जरा खाली आला होता.

“माझ्या हाताएवढा. बाहीसकट.”

“मग गावात कुणाला दाखवला का नाहीस?”

“घरी आणला तेव्हा डोकं आणि पंख नव्हते. ते नदीला परत द्यायची आमच्याकडे रीत आहे. आजोबांपासून.”

“हिलमो, तुझे आजोबा मेंढरं राखायचे. त्यांनी नदीत कधी पाय बुडवला नाही.”

“म्हणूनच त्यांच्या हातून ती रीत कधी मोडली नाही. तर मासा टेबलावर ठेवला. घरभर रानओव्याचा वास. शेफिका बघतच राहिली. मुकाट्याने सुरी काढून मासा साफ केला, तळला, खाल्ला. असा वाचला पाशा!”

झुल्फोने मान हलवली. थोडा, अगदी थोडा विश्वास बसायला लागला होता त्याचा, मला चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात कणकेला भोक पडलं. चाळीस वर्षांत शेफिकाच्या हातून कणीक फाटलेली मी पाहिली नव्हती.

“खोटारड्या!” ती ओरडली. “इतके दिवस गप्प बसले! मासे पाळून विकणाऱ्या हासिबच्या तळ्यातला मासा तो! डोकं छाटलंस, पंख छाटलास आणि शेपटी विसरलास. सिमेंटच्या भिंतीला घासून बोथट झालेली शेपटी मला ओळखू येत नाही? वर पोटात माझ्याच बरणीतला रानओवा मूठभर कोंबलास! तेही मी गिळलं. पण पाशा कोटात होता म्हणे! तू फाटकाबाहेर पडलास आणि मी खुराडं उघडलं, तर तो बिचारा, मोजा गळून पडलेला, उघड्या मानेने कुडकुडत होता. दिवसभर माझ्या लोकरीच्या शालीत गुंडाळून, याच शेगडीपाशी, मांडीवर घेऊन बसले होते मी त्याला!”