मुका भोंगा

"पंढरीकाका, आधी त्याचं तोंड बंद करा!" मनोजशेठ गाडीच्या दारातून ओरडला.

पंढरीने स्टुलावर चढून छतावरच्या भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा गप्प झाला. सकाळपासूनची ही सातवी खेप होती. खाली शेगडीवर मनोजशेठची पोह्यांची फोडणी करपली होती आणि गाडीच्या जाहिरातीचं व्हिडिओ शूटिंग पुन्हा एकदा फसलं होतं.

भोंगा हे पंढरीने दिलेलं नाव. बाकीचे त्याला स्मोक अलार्म म्हणत. तळहाताएवढा पांढरा डबा, आत एक चपटा सेल, आणि सेल जिवंत आहे हे सांगायला अधूनमधून लुकलुकणारा बारीक लाल दिवा. धुराचा वास आला की कोकलायचं, एवढं एकच काम त्याला नेमून दिलेलं. पण ह्या दिवट्याला धूर आणि वाफ यांतला फरक कळत नव्हता. मोहरी तडतडली की बोंब. चहा उकळला की बोंब. मघाशी तर नुसता तवा तापला तरी बोंब. काडीची अक्कल नाही आणि आवाज मात्र गावभर, असा नग पंढरीने जन्मात दुसरा पाहिला नव्हता. मग त्याची नजर मनोजशेठवर पडली आणि त्याने मनातल्या मनात ते म्हणणं मागे घेतलं.

मनोजच्या बापाची भिवंडीजवळ दापोड्यात भातशेती होती. आता तिथे चार गोदामं उभी होती. तीन भाड्याने दिलेली आणि चौथ्यात मनोजचा कारखाना. जुन्या बसचा सांगाडा आणायचा, आत पलंग, ओटा, शेगडी, संडास कोंबायचा, बाहेरून चकचकीत रंग मारायचा आणि कॅराव्हॅन म्हणून विकायचा. घेणारेही कमी नव्हते. चांगलं चार खोल्यांचं घर सोडून डब्यात झोपायची हौस माणसाला का होते, हे पंढरीला दीड वर्ष इथे काम करूनही उमगलं नव्हतं. तो वायरिंग करायचा, दिवे लावायचा, नळ जोडायचा आणि मनातल्या मनात एकेकाला हसायचा.

तेवढाच त्याचा शौक. तंबाखू नाही, दारू नाही. वय सत्तावन्न. त्यातली तीस वर्षं कामतघरला मजीदशेठच्या कापडाच्या लूमवर फिटर म्हणून गेली. लूम भंगारात निघाले तसा तो इकडे आला. इथे त्याला सगळेच अर्धवट दिसत. ठाण्याची ती डिझायनर बाई तर पुरती अर्धवट. तिने ड्रॉइंगमध्ये भोंगा दाखवला होता कुठे, तर शेगडीच्या बरोब्बर डोक्यावर. का, तर म्हणे मागच्या छतावर निळी लाइट आहे, तिथे हा डबा शोभत नाही.

पंढरीने तेव्हाच सांगितलं होतं. "शेठ, हा मागं पलंगाकडं पायजे. लोक तिथं झोपनार."

"ड्रॉइंगमध्ये आहे तिथेच लावा काका. डोकं नका लावू."

पंढरीने डोकं लावलं नाही. तिथेच लावला. त्याची ही रीतच होती. समोरच्याला मनात गाढव म्हणायचं आणि हाताने गाढवाचं ऐकायचं.

बारा वाजता गिऱ्हाईक आलं. वडप्याचे केसरीनाथशेठ, त्यांची बायको पार्वती, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं. केसरीनाथशेठच्या दहा बोटांत दहा अंगठ्या होत्या आणि अकराव्या अंगठीला बोट मिळत नाही म्हणून ती गळ्यातल्या साखळीत ओवलेली होती. चुलतभावाने कॅराव्हॅन घेतली म्हणून ह्यांना हवी, एवढंच कारण. इथून निघून तशीच सगळी मंडळी रात्रीपर्यंत एकवीरा आईच्या डोंगराच्या पायथ्याला जाऊन गाडीतच मुक्काम करणार होती.

नारळ फुटला. हार घातला. मनोजशेठने मोठ्या कौतुकाने निळी लाइट लावून दाखवली. तेवढ्यात पार्वतीबाईंनी पिशवीतून पितळी पातेलं आणि दुधाची पिशवी काढली.

"आवो, ही गाडी हाय," केसरीनाथशेठ म्हणाले.

"चूल हाय, पलंग हाय, मोरी हाय. मंग घर न्हाय तं काय?" पार्वतीबाई म्हणाल्या. "नव्या घरान दूध उतू घालाय नको?"

कोणाची काय बिशाद नाही म्हणायची! पातेलं शेगडीवर चढलं. सुनांनी हळद-कुंकू वाहिलं. सगळी चिल्लीपिल्ली ओट्याभोवती गोळा झाली. पंढरी मागे स्टूल धरूनच उभा राहिला. आता काय होणार हे त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर थांबलंही असतं. पण होऊ दे की एकदा मजा, असं त्याला वाटलं.

दूध फुगलं, वर आलं आणि शेगडीवर सांडलं. "आलं, आलं!" म्हणून पोरं ओरडली. सांडलेलं दूध जाळावर चरचरून जळलं, धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि भोंग्याने जी किंकाळी फोडली, ती थेट रस्त्यापर्यंत गेली. धाकटं नातवंड घाबरून रडायला लागलं. पार्वतीबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"आई गं! नव्या घरान पयल्याच दुधाला ह्यो डबा रडला!" थोरली सून म्हणाली.

झालं. सगळ्यांचे चेहरे उतरले. केसरीनाथशेठचा चेहरा तर काळाठिक्कर पडला. "मनोज, तो आवदसा काढ आधी. अपशकुनी गाडी मना नको."

मनोजशेठची तंतरली. त्याने पंढरीला बाहेर ओढलं. "काका, सेल काढून घ्या. डबा तसाच राहू दे वर."

"डबाच काढतो की."

"येडे काय हो तुम्ही? डबा काढला की खाली स्क्रूची भोकं दिसतील सनमायक्यावर. गिऱ्हाईक परत जाईल. सेल काढा नि गप बसा."

"मागं लावू? अर्धा तास लागंल."

"म्हणजे पुढे भोकं आणि मागेही भोकं! काढा म्हणतो ना!"

पंढरी स्टुलावर चढला. झाकण फिरवून त्याने सेल काढला, खिशात टाकला आणि झाकण पुन्हा बसवलं. डबा होता तसा छताला चिकटलेला दिसत होता. आत जीव नव्हता.

झाकण घट्ट करताना त्याला मजीदशेठ आठवला. पंढरी तेव्हा नवा फिटर होता. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की लूम आपोआप बंद पाडणारा एक काटा असतो. एका लूमचा तो काटा इतका हळवा झाला होता की सूत शाबूत असतानाही लूम थांबायचा. पंढरी वैतागला आणि त्याने दोऱ्याने काटा बांधून टाकला. लूम मस्त पळायला लागला. संध्याकाळपर्यंत ताग्यात जागोजागी पट्टे उतरले. मजीदशेठ रागावला नाही. त्याने पंढरीला तो तागा प्रकाशात धरून दाखवला आणि एवढंच म्हणाला, "बेटा, मशीन बेवकूफ हो तो ठीक कर. झूठा मत बना." पंढरीने त्या दिवशी मजीदशेठलाही मनात शहाणा कुठला म्हणून घेतलं होतं. मात्र त्यानंतर त्याने कुठल्याही लूमचा काटा कधी बांधला नाही.

"घ्या! काकांनी सेटिंग करून दिली!" मनोजशेठ टाळ्या वाजवत आत आला. "आता उगाच वाजणार नाही. उकळा काय उकळायचं ते."

पार्वतीबाईंनी उरलेलं दूध पुन्हा उतू घातलं. धूर झाला. भोंगा गप्प राहिला. सुना हसल्या. केसरीनाथशेठच्या अंगठ्या पुन्हा चमकायला लागल्या. पंढरीने कडेला उभं राहून एकेकाचं तोंड पाहिलं. खुळ्यांचा बाजार नुसता, असं तो मनात म्हणाला आणि त्याला नेहमीसारखं बरं वाटायला हवं होतं. आज वाटलं नाही. आज खुळ्यांच्या बाजारात दुकान त्याचंच होतं.

पार्वतीबाई मात्र अजून वर पाहत होत्या. "आन खरीच आग लागली तं?" त्यांनी विचारलं.

"तर वाजणार ना वैनी! शंभर टक्के!" मनोजशेठ म्हणाला.

त्यांनी मनोजकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पंढरीजवळ आल्या. "दादा, तुमी सांगा. तुमी लावलाय न तो? आज राती माजी चार नातवंडं मागं झोपनार हायेत. रातीचा वाजंल न ह्यो?"

हो म्हणायला काय जात होतं? आयुष्यभर तो हो म्हणत आला होता. घरी बायको चंद्रा होती, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी ह्या भिवंडीत त्याला कोण दारात उभं करणार होतं? त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली. त्याने खिशात हात घातला.

"न्हाय वैनी," तो म्हणाला. "न्हाय वाजनार. मेलाय तो. सेल माज्या खिशान हाय."

त्याने सेल ओट्यावर ठेवला.

"काका मस्करी करतात," मनोजशेठ हसला.

"ह्यो मस्करीवाला मानूस दिसतो का तुला?" केसरीनाथशेठ म्हणाले.

"अर्धा तास द्या," पंढरी म्हणाला. "मागं पलंगाकडं लावून देतो. फोडनीला वाजनार न्हाय, आगीला वाजंल."

"अहो पण पुढे भोकं दिसतील ना ती!" मनोजशेठ कळवळला.

"भोकानं कोन मेलाय का आजवर?" पार्वतीबाई फणकारल्या. "दादा, तुमी लावा."

पंढरीने ड्रिल आणलं. त्या नखऱ्याच्या निळ्या लाइटशेजारी, पलंगाच्या वर, त्याने दोन भोकं पाडली. पहिलं भोक जरा तिरकं गेलं. ते त्याने खूण करून पुन्हा सरळ केलं. भोंगा बसवला, सेल घातला, झाकण फिरवलं. मग खाली पलंगाजवळ त्याने पुसायच्या चिंधीचा कोपरा पेटवून विझवला आणि धुमसती चिंधी चिमट्यात धरली. चारपाच श्वासांत भोंगा किंचाळला. ह्या वेळी कोणी घाबरलं नाही. धाकट्या नातवंडाने तर टाळ्या पिटल्या.

"आता तुमी फोडनी घाला वैनी."

पार्वतीबाईंनी तेलात लसूण ठेचून टाकली, वर सुक्या मिरच्या टाकल्या. ठसका लागून सगळे खोकायला लागले. बाराही माणसं माना वर करून छताकडे पाहत राहिली. भोंगा हूं की चूं करीना.

"बरा केलास मनोज," केसरीनाथशेठ म्हणाले.

"आपली सर्व्हिस अशीच असते शेठ," मनोज म्हणाला.

पंढरीला ह्यावर हसूही आलं नाही. त्याने झाडू घेऊन पलंगाखाली पडलेला भुसा गोळा केला आणि हत्यारं पिशवीत भरली. मनोजशेठ गोदामाच्या दाराशी वाट पाहत उभाच होता.

"उद्यापासून येऊ नका काका."

"बरं," पंढरी म्हणाला.

दीड वर्ष मनात साठवलेली एकाहून एक वाक्यं होती. मनोजला, त्याच्या बापाला, त्या डिझायनर बाईला पुरून उरली असती. त्यातलं एकही आठवलं नाही. तो पिशवी खांद्याला लावून रस्त्याला लागला.

दापोड्याचा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. कंटेनरला कंटेनर चिकटून उभे. रिक्षा मिळायची सोय नव्हती, म्हणून पंढरी कडेकडेने चालत नाक्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याला ती चकचकीत गाडी दिसली. त्याच्याआधी निघालेली आणि तिथेच अडकलेली. खिडक्या उघड्या होत्या आणि आत बोंबील तळले जात होते. भर रस्त्यात, दोन ट्रकांच्या मधे, ओट्याशी उभ्या राहून पार्वतीबाई बोंबील तळत होत्या. ह्या लोकांना काही अक्कल म्हणून आहे की नाही, पंढरी पुटपुटला. तळणाचा धूर खिडकीतून रस्त्यावर येत होता.

कोणाचं त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. चालत तो गाडीच्या मागच्या बाजूला आला. मागच्या खिडकीतून पलंग दिसत होता. दोन पोरं दमून आत्ताच आडवी झाली होती. पंढरी वर छताकडे पाहत थांबला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, "चाचा, मरना है क्या?" म्हणून शिवी हासडली, तरी तो हलला नाही. थोड्या वेळाने भोंग्याचा बारीक लाल दिवा एकदा लुकलुकला. पंढरीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालायला लागला.