गणपूर्ती

हौशीराम गुरुजींनी ओतूरच्या शाळेत तेहेतीस वर्षे संस्कृत आणि इतिहास शिकवला. वडदरा या त्यांच्या गावात त्यांच्या सहीला मोठा मान होता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पंचायतीचा शिपाई संपत हजेरीची वही बगलेत धरून निघे, आणि त्याचे पहिले घर गुरुजींचे असे. गुरुजी ओसरीवर बसून, चष्मा पुसून, पहिल्या आकड्यापुढे टपोऱ्या अक्षरांत सही करीत. गुरुजींनी केली म्हटल्यावर मागची नव्व्याण्णव घरे डोळे मिटून सही करीत. दुसऱ्या दिवशी सभेला माणसे येत नऊ किंवा दहा. कागदावर मात्र सभेला नियमाने लागणारे शंभर भरलेले असत. ह्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नसे. उन्हातान्हातून दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, एवढाच त्यामागचा विचार.

यंदा एप्रिलच्या तीस तारखेला संपतच्या आधी लंकाबाई आली. ती डोंगरातल्या वरच्या वस्तीवरची. नाचणी आणि भात पिकवणारे तिचे घर. पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस तिने सरळ काढून आणली होती.

"वाचा गुरुजी. उंबरटाक्याचं काय लिवलंय?"

उंबरटाके म्हणजे कातळात कोरलेले प्राचीन पाण्याचे टाके. फाल्गुन सरला की वरची वस्ती त्यावरच जगे. गुरुजींनी वाचले. विषय क्रमांक सात : उंबरटाके व लगतची जागा पर्यटन निवासासाठी तीस वर्षे भाडेपट्ट्याने देण्यास अंतिम मंजुरी.

"अंतिम? मग पहिली कधी झाली?"

"सव्वीस जानेवारीला. माझी सही त्रेसष्टावी हाय. सरपंचांनीच दावली." लंकाबाईने पदराने घाम टिपला. "पहिली तुमची हाय."

गुरुजींनी नोटीस पुन्हा एकदा वाचली. ते टाके आपण स्वतःच्या हाताने देऊन टाकले, तेही सुवाच्य अक्षरांत, हे त्यांना तेव्हा उमगले.

"आमी ठरवलंय," लंकाबाई म्हणाली. "वस्तीवरचं कुनी सही करायचं न्हाई आन् उद्या सभेला बी जायचं न्हाई. कसा भरतोय शंभराचा आकडा ते बघू."

गुरुजी आत गेले आणि ग्रामपंचायतीच्या नियमांचे जुने पुस्तक घेऊन आले. पाने उलटता उलटता त्यांच्या भुवया आक्रसत गेल्या.

"लंकाबाई, असे केलेत तर टाके गेलेच म्हणून समजा. शंभर भरले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नाही. सात माणसे बसली तरी ठराव मंजूर."

"म्हंजी न आल्यानं बी त्यांचंच काम व्हतंय?"

"न आल्यानेच होते आहे, बाई. इतकी वर्षे."

हे वाक्य तोंडून गेले आणि गुरुजींच्या मनात काहीतरी लख्ख उजळले. आपल्या देशात बुद्धाच्या काळी गणराज्ये होती. सभागारात सारे जमत, मतासाठी लाकडी शलाका वाटल्या जात. त्याच काळी भिक्षुसंघाच्या सभेत पुरेशी संख्या जमवण्याचे काम एका माणसावर सोपवलेले असे. त्याला गणपूरक म्हणत. हे सारे गुरुजींनी तेहेतीस वर्षे तन्मयतेने शिकवले होते. परीक्षेत ते विचारीत, ही राज्ये का लोप पावली? मुले लिहीत, बलाढ्य शत्रूच्या आक्रमणाने. आणि गुरुजी पूर्ण गुण देत. शत्रू तर आलाच होता. पण तो येण्यापूर्वी सभागारात किती जण उरले होते, हा प्रश्न त्यांनी एकदाही घातला नव्हता.

इतक्यात संपतची मोटारसायकल दारात थांबली.

"या गुरुजी, बोहनी करा."

"संपत, आज सही नाही. उद्या सभेत येऊन करीन."

संपत हसला, मग गोंधळला. "अवो, पण तुमची न्हाई तर बाकीच्यांची कशी घेऊ?"

"घेऊ नकोस. मी तुझ्या आधी प्रत्येक घरी जातो."

आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी हौशीराम गुरुजी हातात काठी घेऊन खरोखरच निघाले. अंगात एखाद्या उपनयन झालेल्या बटूचा उत्साह संचारला होता. घरोघरी एकच वाक्य : सही करू नका, उद्या नऊ वाजता शाळेच्या पटांगणात या. कोणी म्हणाले, कांदा भरायचाय. कोणी म्हणाले, येतो की, आणि नजर चुकवली. बहुतेकांचे उत्तर मात्र एकच होते : "उद्या कळंबला लगीन हाय न्हवं, गुरुजी."

लग्न स्नेहलचे होते, म्हणजे गुरुजींच्या पत्नी ठकूबाई ह्यांच्या सख्ख्या भाचीचे. अर्ध्या गावाला आमंत्रण होते. ठकूबाई हळदीसाठी आदल्या दिवशी न जाता केवळ नवऱ्याच्या औषधांपायी मागे राहिल्या होत्या. त्यांना सभेला बोलवायचे धैर्य गुरुजींना झाले नाही.

"तुमी सभा करून या मागनं," त्या रात्रीचे जेवण वाढताना म्हणाल्या. "आतोबा नसला तर चालतोय. आत्या नसली तर माझा भाऊ जल्मभर ऐकवंल."

एक मेला सकाळी नऊला झेंडावंदन झाले आणि पटांगणात एक्केचाळीस माणसे उरली. वरच्या वस्तीची एकवीस त्यांत होती. ग्रामसेविका साधना वही उघडून बसली होती. सरपंच दादाभाऊ गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्याने वाकून नमस्कार केला.

"साडेधापर्यंत वाट बघू, गुरुजी. मग नियमानं तहकूब करतो. नियम पाळायला तुमीच शिकवलंय आमाला."

गुरुजी बसले नाहीत. ते आळीआळीने फिरले. दहाला साठ झाले. चावडीवरचे पत्ते खेळणारे आठ जण आले, डाव तसाच मुठीत धरून. गेणभाऊ नांगराची दुरुस्ती सोडून काळ्या हातांनी आला. दहा वाजून वीस मिनिटांनी साधनाने उभे राहून मोजले.

"सत्त्याण्णव."

"गुरुजींला धरलं का बगा," कोणीतरी मागून म्हणाले. पटांगण हसले.

"धरून अठ्ठ्याण्णव," साधना म्हणाली.

गुरुजी फाटकाकडे धावले. होय, धावलेच. समोरून लग्नाचा टेम्पो येत होता. आत पैठण्या, गजरे आणि आहेराच्या पिशव्या. गुरुजी रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभे राहिले. टेम्पो थांबला. ठकूबाईंनी ताडपत्रीतून डोके बाहेर काढले.

"अवं, हे काय मांडलंय? मुहूर्त साडेबाराचा हाय."

गुरुजींना दम लागला होता. "दोन," ते म्हणाले. "फक्त दोन माणसे कमी आहेत."

ठकूबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांत हा माणूस कशासाठीही पळाला नव्हता. एसटीसाठीसुद्धा नाही. त्या मागे वळल्या. "उतरा गं समद्या. अक्षता पडायच्या आत पोचू."

अकरा बायका गजऱ्यांसकट उतरल्या आणि पटांगणात रांगेने शिरल्या. मागोमाग गुरुजी.

"एकशे नऊ," साधना म्हणाली. "गणपूर्ती झाली." आणि तिने घड्याळात पाहिले. दहा अठ्ठावीस.

सहा विषय झटपट झाले. सातव्याला दादाभाऊ उभा राहिला. "ज्यांना टाकं द्यायचंय त्यांनी हात वर करावा."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणाची पाइपलाइन दादाभाऊच्या रानातून गेली होती, कोणाचा कांदा त्याच्या गाडीने जात होता. हात वर करताना तो कोणाचा, हे सारे पटांगण पाहणार होते. काही हात खांद्यापर्यंत येऊन डळमळू लागले. गुरुजी पुढे झाले.

"दादाभाऊ, एक विनंती. पूर्वी अशा वेळी शलाका वाटीत. गुप्तपणे. आपण काड्या वाटू."

दादाभाऊला स्वतःच्या संख्येची खात्री होती. "वाटा गुरुजी. होऊ द्या तुमचा तास."

शाळेमागे जळणासाठी तुरकाठ्या रचल्या होत्या. त्या मोडून साधनाने एकशे नऊ काड्या केल्या आणि प्रत्येकाच्या हाती एकेक दिली. वर्गात दोन टोपल्या ठेवल्या : उजवी द्यायचे, डावी द्यायचे नाही. दार लोटलेले. एकेक जण आत जाई, रिकाम्या हाताने बाहेर येई आणि उगाचच ताठ चाले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवीत होता. ठकूबाई बाहेर येताना नवऱ्याला म्हणाल्या, "इचारू नका कुठं टाकली." लंकाबाई सर्वांत शेवटी गेली आणि सर्वांत जास्त वेळ आत राहिली.

टोपल्या पटांगणात आणून मोजल्या. उजवीत अडतीस. साधनाने डावीतल्या दहा-दहाच्या जुड्या लावायला घेतल्या. चौथ्या जुडीला वरच्या वस्तीची माणसे उभी राहिली. सहाव्या जुडीला सगळेच उभे होते. सात जुड्या आणि एक काडी.

दादाभाऊने त्या जुड्या स्वतः पुन्हा एकदा मोजल्या. मग त्याने पेन काढले आणि ठराव नामंजूर असे स्वतःच्या हाताने लिहिले.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्यातल्या निदान वीस काड्या माझ्या माणसांच्या हायेत."

"असतील," गुरुजी म्हणाले. "आज प्रथमच ती तुला खरी भेटली."

संपतने वही आणली. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या. उरला होता एकच आकडा, एकशे नऊ. गुरुजींनी तेथे सही केली. उभ्याउभ्याच केल्याने ती वाकडी उमटली. संपतने ती न्याहाळली आणि वही मिटली.

हॉर्न पुन्हा वाजला. गुरुजी टेम्पोकडे निघाले तेव्हा लंकाबाई आडवी आली.

"पुढली सभा कधी?"

"पंधरा ऑगस्टला."

"तवा भातात खुरपणी असंल." तिने बोटांवर काहीतरी मोजले. "तरी आमची एकवीस धरून ठेवा. राह्यली एकोणऐंशी. ती तुमी बघा."