खालची वाट साडेतीनपर्यंतच

एका दिवसासाठी आमच्या शहरात येणाऱ्या माणसाला सात गोष्टी माहीत असायला हव्यात, असं चार महिने मोजमापं घेतल्यावर मी ठरवलं. चाकांची बॅग आणू नये, कारण गल्ल्यांतल्या दगडांच्या फटींत चाकं अडकतात. रबरी तळाचे बूट घालावेत. ते दगड तीनशे वर्षं घासून आरशासारखे झालेत. गाडी जमिनीकडच्या दरवाजाबाहेरच सोडावी. तटावरची फेरी सकाळी मारावी, एकसष्ट मिनिटं लागतात (माझ्या पायांनी सत्तेचाळीस, पण मी मावशीचे गुडघे प्रमाण धरले). टोपीला नाडी हवी. रस्ता चुकलात तर उताराने चालत राहा, प्रत्येक उतार समुद्राच्या दरवाजाशी जाऊन संपतो.

या सहा सूचनांवर कोणाचीच हरकत नव्हती. घोडं अडलं ते सातवीवर.

तटाच्या बाहेरून, समुद्राला अगदी खेटून, एक दगडी वाट जाते. आम्ही तिला खालची वाट म्हणतो. समुद्राच्या दरवाजातून बावीस पायऱ्या उतरायच्या, तटाच्या पायथ्याने बुरुजाला वळसा घालायचा आणि चारशे दहा मीटरवर एका छोट्या लोखंडी दारातून परत शहरात यायचं. दाराजवळून सूर्यास्त फार सुरेख दिसतो, म्हणून लोक तिथे बसून राहतात. पण वाटेचा मधला भाग खोलगट आहे. भरतीचं पाणी आधी तिथे चढतं, आणि बुरुजाच्या आड असल्यामुळे दाराशी बसलेल्यांना ते दिसत नाही. लोखंडी दाराला संध्याकाळी पाच वाजता कुलूप लागतं. का? तर पहारेकऱ्याची ड्यूटी पाचला संपते. समुद्राची ड्यूटी कधी संपते, हे कुलूप लावणाऱ्या खात्याने कधी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक म्हातारी आणि तिचा मुलगा असेच अडकले होते. पुढे कुलूप, मागे पाणी. पहारेकरी, ज्यांना सगळं शहर किल्लीकाका म्हणतं, ते विसरलेला चष्मा घ्यायला परत आले म्हणून त्यांना दारावरच्या थापा ऐकू आल्या. नाहीतर काय झालं असतं, त्याचं गणित मी केलं होतं. ते कोणाला दाखवलं नाही.

म्हणून माझी सातवी सूचना अशी होती: ‘पूर्ण भरतीला अडीच तास उरले की खालच्या वाटेवर उतरू नये. त्या दिवसाची वेळ माहिती केंद्रात विचारावी.’

मंगळवारी सकाळी छापखान्यातून पत्रकाचं प्रूफ आलं. त्यात सहाच सूचना होत्या. सातवीच्या जागी एक नवीनच वाक्य अवतरलं होतं: ‘सूर्यास्ताचा आनंद लुटण्यासाठी खालच्या वाटेला जरूर भेट द्या.’

मी प्रूफ घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे आमच्या पर्यटन माहिती केंद्राचे प्रमुख. माझं तिथलं काम सहा महिन्यांच्या करारावर, त्यातले दोन उरलेले.

“ये, दशांश,” साहेब म्हणाले. हे नाव त्यांनीच पाडलं होतं, आणि ते ऑफिसभर चिकटलं होतं. “सही करून टाक. दुपारी छपाई सुरू करायचीय.”

“सर, सातवी सूचना कुठे गेली?”

“शनिवारी जहाज येतंय. दोन हजार माणसं. त्यांच्या हातात आपण काय द्यायचं? ‘या, आणि बुडा’?”

“तसं लिहिलेलं नाही. बुडू नये म्हणून काय करायचं ते लिहिलंय.”

“दोन्ही एकच. जहाजवाल्यांनी ते वाचलं तर पुढच्या वर्षी ते दुसरं बंदर धरतील. मग तुझी सूचना वाचायला कोण येणार आहे, मासे?”

“शनिवारी मोठी भरती आहे, सर. पाच बावन्नला. मधला भाग साडेतीनपासून पाण्याखाली जायला लागेल, आणि पूर्ण भरतीला तिथे एकशे वीस सेंटिमीटर पाणी असेल. दाराजवळ साठ, वर लाटा वेगळ्या.”

“एकशे वीस पूर्णांक किती?” साहेब हसले. “अगं, मी या शहरात जन्मलोय. त्या वाटेवर लहानाचा मोठा झालोय. तू पुस्तकातून भरती शिकलीस.”

“खडूने शिकले,” मी म्हणाले. ते खरंच होतं. तटाच्या दगडावर दर पाच सेंटिमीटरला रेघ मारायची, पाणी कुठल्या रेघेला किती वाजता लागतं ते लिहायचं. रंग लावला तर दंड होतो, म्हणून खडू. आणि खडू धुऊन जातो, म्हणून रोज नव्या रेघा. “तुम्ही शेवटचे कधी गेला होतात त्या वाटेवर?”

ते थोडं झोंबलं असावं. खुर्ची मागे सरकवून ते उठले. “चल. आत्ता जाऊ. बघू तुझा समुद्र.”

“आत्ता नको, तीन वाजता जाऊ. आजची भरती तीनच्या आसपास आहे. पण आज पस्तीस सेंटिमीटरच पाणी असेल, गुडघ्याच्याही खाली. आजच्यावरून शनिवारचं—”

“तीन वाजता,” साहेब म्हणाले.

तीन वाजता आम्ही बावीस पायऱ्या उतरलो. साहेबांनी पँट दुमडली, बूट हातात घेतले आणि खोलगट भागात तरातरा शिरले. पाणी माझ्या पस्तीसच्या रेघेला लागलं होतं. ते पलीकडे गेले, दाराला हात लावला, परत आले आणि माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. नडगीवरून पाणी निथळत होतं.

“बुडालो का मी?”

“नाही. मी सांगितलंच होतं की—”

“झालं तर मग.”

“सर, शनिवारी यात पंच्याऐंशी मिळवायचे आहेत.”

“तू मिळवत बस.”

मला वाटलं होतं, माझा आकडा बरोबर आला की माणूस पुढचा आकडाही मान्य करतो. प्रयोगशाळेत करतो. इथे माझा आकडा बरोबर आला, आणि नेमका तोच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला. मी प्रूफवर सही केली नाही. साहेबांनी स्वतः केली, आणि जाताजाता म्हणाले, “शनिवारी तू केंद्रातच बसायचंस. कोणाला काही शहाणपण सांगायचं नाही. सांगितलंस, तर करार तिथेच संपला असं समज.”

हातात चार दिवस होते. बंदराच्या कार्यालयाला पत्र दिलं. उत्तर आलं की पाणी आमचं असलं तरी वाट आमची नाही. तटबंदी सांभाळणाऱ्या खात्यात गेले. ते म्हणाले वाट आमची आहे, पण पाणी आमचं नाही. दोघांनीही कानावर हात ठेवले, आणि दोघांचेही शिक्के अगदी ठसठशीत उमटले होते.

शुक्रवारी संध्याकाळी मावशीच्या घरी मी हे सगळं बोलून दाखवलं. मी मावशीकडेच राहते. ती दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यामुळे तिला सगळ्या देशांची माणसं आणि त्यांच्या बाथरूममधल्या सवयी माहीत आहेत. किल्लीकाका ओट्यापाशी बसून चहा पीत होते.

“तुझी नोकरी गेली तर खाणार काय, गणितं?” मावशीने विचारलं.

“मग काय करू? गप्प बसू?”

“गप्प बस म्हणाले का मी? खाणार काय ते विचारलं. माझ्याकडे खाशील, हे उत्तर आहे. एवढं शिकून तेवढंही येत नाही?” तिने ओट्यावरचं फडकं झटकलं. “खुर्च्या किती लागतील?”

“कसल्या खुर्च्या?”

“पायऱ्या अडवायला. दरवाजा किती रुंद आहे, ते तुलाच माहीत.”

“दोन मीटर दहा.”

“म्हणजे चार खुर्च्या.”

किल्लीकाकांनी कप खाली ठेवला. “पोरी, मला वरती अडवाअडवी जमायची नाही. मी खालीच असतो. पण शनिवारी माझं कुलूप पाचला लागणार नाही.”

“काका, तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय.”

“त्या म्हातारीने दारावर थापा मारल्या ना, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दीड वर्ष तो ऐकत बसू?”

शनिवारी पावणेतीनला मी माहिती केंद्रातून उठले, टेबलावर ‘बाहेर गेले आहे’ अशी पाटी ठेवली आणि समुद्राच्या दरवाजाशी गेले. मावशीने जेवणाच्या चार खुर्च्या पायऱ्यांच्या तोंडाशी ओळीने मांडल्या होत्या. एकीवर ती स्वतः बसली होती, मांडीवर भाजीचं ताट घेऊन. तीन वाजेपर्यंत आम्ही लोकांना हसतमुखाने खाली सोडलं, साडेतीनच्या आत दारातून बाहेर पडा असं बजावून. तीननंतर खुर्च्या हलल्या नाहीत. लोक येत होते, पत्रक बघत होते, माझ्याकडे बघत होते आणि मी वरच्या तटाकडे बोट दाखवत होते. बहुतेक जण निमूट वर जात होते.

एक गृहस्थ मात्र हटेनात. गळ्यात भलामोठा कॅमेरा, शेजारी चपला हातात घेतलेली बायको.

“बाई, पत्रकात स्वच्छ लिहिलंय, खालच्या वाटेला जरूर भेट द्या.”

“वाचलंय मी. ते पत्रक मीच लिहिलंय.”

“मग?”

“त्यातल्या सहा सूचना माझ्या आहेत. सातवी छापली नाही, म्हणून ती इथे येऊन बसलीय.”

त्यांची बायको हसली. त्यांना हसू आलं नाही. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला.

“हा काय तमाशा आहे?”

“तीन पस्तीस झालेत, सर. मधला भाग ओला झाला असेल.”

“ऊठ.”

“उठते. पाणी उतरल्यावर.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या हातात त्यांचं पत्रक. त्यांनी रिकामी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि कॅमेरावाल्यांना वाकून म्हणाले, “जा हो तुम्ही. आमच्या मुलीला जरा भीती जास्त वाटते.”

ते दोघं माझ्या शेजारून खाली उतरले. मी उठून ओरडले, “थांबू नका तिथे! सरळ लोखंडी दाराने बाहेर या!” बाईंनी वळून हात केला. ऐकलं की नुसता निरोप घेतला, ते कळलं नाही.

मी बाजूला ठेवलेली खुर्ची परत आणली, जागेवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

“तुझा करार संपला,” साहेब म्हणाले. “आत्तापासून.”

“बरं.”

“बरं काय? ऊठ म्हणतोय मी!”

“करार संपला ना? मग आता तुम्ही मला ऊठ कसं म्हणू शकता? आता मी या शहरात राहणारी एक बाई आहे, आणि मावशीच्या खुर्चीवर बसलेय.”

“आणि तिची खुर्ची दुसऱ्या कोणी उचलली, तर हे ताट त्याच्या डोक्यावर बसेल,” मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाली.

गर्दीत कोणीतरी फसकन हसलं. साहेब गेले नाहीत. दरवाजाच्या कमानीखाली हाताची घडी घालून उभे राहिले. बहुधा मला चुकलेलं पाहायचं होतं. चार वाजता सगळ्यात खालची पायरी ओली झाली. साडेचारला खालून तिसरी. पाचला लाट खालून सहाव्या पायरीवर फुटून तिचे तुषार आमच्या पायांपर्यंत उडाले, आणि वाट कुठे होती हे आता नवख्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. मी साहेबांकडे पाहिलं नाही. मी फक्त बुरुजाकडे पाहत होते. त्याच्या आड ते दोघं होते की बाहेर पडले होते, हे मला माहीत नव्हतं, आणि त्या तासाभरात माझं कुठलंच गणित मला ते सांगू शकत नव्हतं.

पाच वीसला ते शहराच्या बाजूने आले. बाई कमरेपर्यंत भिजलेल्या, पाय अनवाणी. गृहस्थांच्या गळ्यात कॅमेऱ्याचा नुसता पट्टा होता. त्यांच्यामागे किल्लीकाका, एका हातात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्या काखेत पहाऱ्याची वही.

बाई थेट माझ्यापाशी आल्या. “आम्ही थांबलो. सूर्यास्तासाठी. मागे वळलो तर वाटच नाही. मग ते लोखंडी दार हलवून बघितलं, तर...” मावशीने उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

साहेब किल्लीकाकांसमोर गेले. मला वाटलं, आता तरी.

“पाच वाजून गेल्यावर दार उघडं कसं?” त्यांनी विचारलं.

किल्लीकाकांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यात मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं होतं: ‘आज पाच वाजता कुलूप लावले नाही. कारण: पाणी.’ खाली सही.

साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “यावर आपण सोमवारी बोलू. ऑफिसात. शांतपणे.”

“सोमवारी नाही,” मी म्हणाले. “उद्याही मोठी भरती आहे. आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा. जहाज उद्या दुपारपर्यंत इथेच आहे, आणि जहाजाशिवायही लोक येतातच. तुमची उरलेली पत्रकं तुम्ही वाटणार असाल तर वाटा. मी इथे आहे.”

“कुठल्या अधिकाराने?”

उत्तर मी द्यायच्या आधी ते भिजलेले गृहस्थ पुढे आले. त्यांनी खिशातून पत्रकाचा लगदा काढला आणि साहेबांच्या हातात ठेवला. साहेब तो हातात धरून उभे राहिले; टाकावा तर कुठे, तेही त्यांना सुचेना.

मी मावशीकडे पुठ्ठा मागितला. तिने शेंगांच्या टरफलांखालून एक बऱ्यापैकी कोरडा काढून दिला. खिशात खडू होता, तो पुठ्ठ्यावर नीट उमटला नाही, म्हणून किल्लीकाकांच्या वहीचं पेन घेतलं. तीनदा गिरवून, लांबूनही वाचता येईल असं लिहिलं: ‘उद्या खालची वाट सव्वाचारपर्यंतच.’ आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत तो पुठ्ठा दरवाजाच्या खिळ्याला अडकवला.

“काका, उद्या कुलूप?” मी विचारलं.

“पाणी सांगेल तेव्हा,” ते म्हणाले, आणि साहेबांकडे वळून अदबीने पुढे म्हणाले, “साहेब, जरा बाजूला उभे राहा. तुमच्यामुळे पाटी दिसत नाहीये.”