आईच्या मांडीवरचा आकडा

नऊ वर्षं आईच्या पोटात दुखत होतं आणि नऊ वर्षं आमच्या घरात त्यावर विनोद होत होते. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं त्या वर्षापासून तिची तक्रार सुरू झाली. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, काहीतरी टोचतं म्हणायची. एका डॉक्टरने गॅस सांगितला, दुसऱ्याने वय सांगितलं, तिसऱ्याने झोपेची गोळी देऊन वाटेला लावलं; एक्स-रे काढायचं कुणालाच सुचलं नाही. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईचं पोट म्हणजे सरकारी फाइल. कधी बंद व्हायची नाही." मी हसायचो. नुसतं हसलो असतो तरी चाललं असतं, पण एकदा चिडून मी तिच्या तोंडावर म्हणालो, "आई, पुरे झालं तुझं नाटक." त्यानंतर तिने माझ्यापाशी तो विषय काढला नाही. मला वाटलं, बरी झाली असेल.

माझा धंदा पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे त्यांत नवी तार भरायचा. तारेशी रोजचाच संबंध, त्यातून मेटल डिटेक्टरच्या कॉइल घरी बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. ओळखीचा एक प्लंबर होता. रस्त्यावर नवं डांबर चढलं की पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं त्याखाली गडप होत, ती शोधायला त्याला डिटेक्टर हवा होता. फळीवर गोलात खिळे ठोकायचे, त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे, मग ती रिंग उतरवून दोऱ्याने घट्ट बांधायची. बांधायचं काम आईचं, कारण तिच्यासारखी गाठ मला सात जन्मांत जमणार नाही. ती बांगड्या काढून लाकडी खुर्चीत बसायची आणि रिंग मांडीवर घ्यायची. बांधून झालं की मी तिथेच तारेच्या टोकांना क्लिपा लावून मोजायचो. प्रत्येक कॉइलचा एक आकडा असतो, मायक्रोहेन्रीतला. पुढचा सगळा सर्किटचा हिशेब त्या आकड्यावर. तो चुकला की डिटेक्टर बहिरा.

आणि आमचा तो दरवेळी चुकत होता. तीन कॉइल प्लंबरने परत आणून टेबलावर आपटल्या. "यापेक्षा माझी पहार बरी. ठोकून आवाज तरी येतो!"

मी खापर मीटरवर फोडलं. बाबा पेपराआडून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी चप्पल जोरात घातली. परत आलेली एक कॉइल आणि जुनं मीटर पिशवीत टाकलं आणि मीटरवाल्याचं दुकान गाठलं.

माझ्या डोळ्यांत भरला होता मोठ्या पडद्याचा ऑसिलोस्कोप. दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला. "लाटेचं चित्र बघायचंय की आकडा हवाय? आकडा हवा असेल तर हे एलसीआर मीटर घ्या. कॉइल ज्या फ्रिक्वेन्सीवर चालणार, त्याच फ्रिक्वेन्सीवर मोजा. उगाच हत्ती कशाला पोसता?" त्याने माझी कॉइल पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून मोजली. तीनशे. कॉइलला बांधलेल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात तीनशे चार लिहिलेलं होतं.

"बघा! जुनं मीटर लबाड आहे," मी म्हणालो.

त्याने जुनं मीटर लावलं. तेही तीनशेच म्हणालं.

"मीटर ठणठणीत आहे. तुम्ही घरी मोजता कुठे? जवळपास लोखंड असणार. लोखंड जवळ आलं की आकडा चढतो."

"कुठलं लोखंड? आईच्या मांडीवर मोजतो."

"मग आईलाच विचारा," तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. तरी नवं मीटर मी घेतलंच. हट्टी माणसाला दुकानदार नाही म्हणत नाही.

घरी आल्या आल्या तीच कॉइल लाकडी खुंटीला टांगून मोजली. तीनशे. माझ्या मांडीवर घेतली. तीनशे. आईच्या मांडीवर ठेवली, तीनशे चार.

"कंबरेला किल्ल्या आहेत का?"

"नाहीत रे."

"पिन?"

"पिनही नाही. काय झालंय तुला?"

खुर्चीच्या खिळ्यांचा संशय आला म्हणून तिला उभं केलं. कॉइल पुन्हा खुंटीला टांगली आणि म्हटलं, हळूहळू जवळ ये. ती आली, आकडा चढला. मागे गेली, उतरला. पुन्हा आली, पुन्हा चढला. मी कॉइल उतरवली आणि तिच्या पोटावरून सावकाश फिरवली. डावीकडे तीनशे एक. उजवीकडे, बेंबीच्या खाली, तीनशे सात.

आईने माझ्या हातावर हात ठेवला. "इथंच," ती म्हणाली. "इथंच टोचतं."

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. मी कॉइल खाली ठेवली आणि एक्स-रेवाल्याचा नंबर शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. काढणाऱ्याने बाहेर येऊन विचारलं, "काकूंच्या अंगावर काही राहिलंय का?" कपडे बदलून पुन्हा काढला. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना आत बोलावलं आणि फिल्म दिव्यावर लावली. आईच्या हाडांच्या मधोमध एक चिमटा होता, कात्रीसारखा. बोटं घालायच्या दोन गोल कड्या स्पष्ट दिसत होत्या. दातेसुद्धा मोजता येत होते.

"ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा आहे हा," बाई म्हणाल्या. "आत राहून गेलाय."

मला आईकडे बघायची लाज वाटली. नऊ वर्षं ती तो चिमटा पोटात घेऊन वाकत होती, उठत होती, आमचे कपडे धूत होती, आणि मी तिला नाटकी म्हणालो होतो. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर मला बोलेल.

आई फिल्मच्या अगदी जवळ गेली. "म्हणजे आहे ना तिथं काहीतरी?" तिने विचारलं.

"आहे काकू. काढावा लागेल, लवकर."

"आहे म्हणतात त्या," आई आमच्याकडे वळून म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की मला हुंदका आवरेना. "मला वाटायला लागलं होतं, मीच खोटी आहे."

धप्पकन आवाज झाला. बाबा भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले होते, दोन्ही हातांत डोकं धरून. डॉक्टरीणबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या. आई तेवढी जागची हलली नाही.

"उठा," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं? पोट माझं दुखतंय."